मातीतला वास आणि घरचा मोत्या

माझ्या सासूबाईंना हल्ली विसर पडतो. मागे एका संध्याकाळी त्या उसाच्या फडाकडे निघून गेल्या. अख्खी वाडी शोधत होती, त्या सापडल्या पहाटे. तेव्हापासून मी आमच्या मोत्याला माग काढायला शिकवतेय.

रीत सोपी आहे. सकाळी माती ओलसर असते, तिच्यात वास चांगला टिकतो. सासूबाई 20 पावलं सरळ चालतात. प्रत्येक ठशात त्या स्वतःच भाकरीचा तुकडा टाकतात, कारण माझा वास मधे नको. शेवटी त्यांचा रुमाल आणि मोठा घास. मोत्याला लांब दोरी बांधायची, तीही गळ्याला नाही, छातीच्या पट्ट्याला. त्याने नाक जमिनीला लावलं की आपण मुकाट्यानं मागे जायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. जमलं की तुकडे कमी करायचे, मग एक वळण, मग थोडा जुना माग. रोज 10 मिनिटं पुरे. सासूबाईंनाही हा खेळ आवडतो.

पण नुसतं घरच्या कुत्र्यावर विसंबू नका. कुणी हरवलं तर लगेच 112 ला फोन करा. माणूस शेवटचं दिसलं ती जागा तुडवू देऊ नका. त्याचा न धुतलेला कपडा हात न लावता, स्वच्छ पिशवी उलटी धरून उचला आणि पोलिसांच्या श्वानपथकासाठी ठेवा.

त्या रात्री आम्ही सगळे बांधावरून धावलो. सासूबाईंचा माग आमच्याच पायांनी पुसला, बायांनो.