जुनी यंत्रं, जाणती माणसं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं आणि ‘माझा छंद’ हा विषय दिला आहे. माझ्या छंदाला आमच्या घरी ‘भंगार’ म्हणतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझ्याकडे व्हॉल्व्हचे चार रेडिओ आहेत, दोन टेपरेकॉर्डर, टीव्हीला जोडायचे तीन व्हिडिओ गेम आणि मुंबईच्या जुन्या लोकलचे फोटो आणि आवाज साठवलेली एक हार्ड डिस्क. माझी नोकरी मात्र उलट आहे. कंपन्यांच्या जुन्या संगणकप्रणाली बंद करून तिथे नव्या बसवायच्या, हे माझं काम. “आई, तू दिवसा जुनं मोडतेस आणि रात्री जुनं जोडतेस,” असं माझी मुलगी म्हणते. तिला मी जे उत्तर देते, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात रेडिओपासून. माळ्यावर जुना रेडिओ सापडला की लगेच प्लग लावून बघावासा वाटतो. तसं करू नका. वर्षानुवर्षं पडून आतले कंडेन्सर सुकलेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आपल्या पेठेतले रेडिओवाले काका तुम्हाला आठवत असतील. ते आधी १०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावायचे. दिवा भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. दहा रुपयांच्या दिव्यावर शेकडो रेडिओ वाचले. सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या दुकानात बसायला लागले. मुलीचं इथे काय काम, असं गिऱ्हाईक विचारायचं. काका म्हणायचे, “तिचा हात हलत नाही.” इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बरीच प्रमाणपत्रं मिळाली, पण इतकं मोठं कुठलंच वाटलं नाही.

आता व्हिडिओ गेम. आपल्या वर्गात दोघांकडेच होता, आणि त्या दोघांचा अभ्यास करून घ्यायला बाकीचे किती तत्पर असायचे, हे इथल्या बाईंना ठाऊक आहे! डब्यावर ९९९९ गेम लिहिलेलं असायचं, आत मात्र तेच सात-आठ नाव बदलून फिरायचे. ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. त्याचा मेंदू होता ६५०२ या चिपच्या घराण्यातला. ही चिप १९७५ साली अमेरिकेत २५ डॉलरला विकायला आली आणि संगणक स्वस्त झाले. १९८४ पासून सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांच्यातही हीच चिप होती. म्हणजे शाळेतला ‘अभ्यास’ आणि घरातला ‘वेळ वाया घालवणं’ एकाच मेंदूवर चालत होतं.

आपण तासन्‌तास खेळलो तो मारिओचा पहिला गेम अवघ्या ४० किलोबाइटचा. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं गुलाबाच्या फुलाचं एक ‘सुप्रभात’ बहुधा त्याहून मोठं असतं. जागा पुरावी म्हणून तो लिहिणाऱ्यांनी काय काय केलं! आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. लहानपणी हे कधी लक्षात आलं नाही. मोठेपणी कळलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत बसले होते. आणि हो, गेम चालेना की आपण कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. फुंकरीचा उपयोग नव्हता. काढून पुन्हा बसवल्यामुळे ती चालायची. उलट तोंडातल्या दमटपणाने आतले धातूचे पाय खराब व्हायचे. काका ते साध्या खोडरबराने पुसायचे.

तिसरी आवड रेल्वेची. आपल्या चांदवडला रेल्वे नाही. आपण मनमाड किंवा लासलगावला जाऊन गाडी धरायचो. मुंबईला जाताना गाडी इगतपुरीला बराच वेळ थांबायची आणि वडे खाऊन व्हायचे. ती वड्यांसाठी थांबत नव्हती. भुसावळकडून इगतपुरीपर्यंतच्या तारेत २५,००० व्होल्टची एसी वीज होती आणि पुढे मुंबईपर्यंत १,५०० व्होल्टची डीसी, म्हणून इंजिन बदलावं लागे. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आल्यावर तो थांबा लहान झाला.

मुंबईची ही डीसी वीज देशातली सगळ्यात जुनी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली. आणि शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली, कुर्ल्याहून सीएसटीला. ज्या टोकाला पहिली पोचली, तिथूनच शेवटची निघाली. मध्ये ९१ वर्षं.

त्या लोकल सुटताना खालून खट्‌ खट्‌ असा आवाज यायचा. एकदम पूर्ण वीज दिली तर मोटारी जळतील, म्हणून आधी मध्ये रोधक घालायचे आणि वेग वाढेल तसा एकेक काढायचा. तो प्रत्येक टप्प्याचा आवाज. त्या रोधकांत वीज नुसती तापून वाया जायची. शिवाय कमी व्होल्टमुळे तेवढ्याच ताकदीला साधारण सोळा पट जास्त प्रवाह लागायचा, म्हणजे जाड तारा आणि जवळजवळ उपकेंद्रं. नव्या गाड्या ब्रेक लावताना तयार होणारी वीज परत तारेत सोडतात. तेव्हा जुन्या लोकल काढल्या हे योग्यच झालं. त्यांचे आवाज जपून ठेवणारी मी हे म्हणते आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. जुनं जपणं म्हणजे जुनंच चांगलं म्हणणं असं मला वाटत नाही. कामावर एखादी प्रणाली बंद करायच्या आधी मी ती लिहिणाऱ्या माणसाला शोधून काढते. बहुतेकदा ते निवृत्त झालेले असतात. प्रणालीत एखादी विचित्र अट असते, फक्त ३१ मार्चलाच लागू होणारी. ती कागदावर कुठेही नसते. चहा पिता पिता ते म्हणतात, “अहो, त्या वर्षी असं झालं होतं...” आणि मला कळतं की ही अट काढली असती तर पुढच्या मार्चमध्ये हजार लोकांचे हिशेब चुकले असते. यंत्राला निरोप खुशाल द्यावा, पण ते कसं चालायचं हे आधी जाणत्या माणसाकडून समजून घ्यावं. यंत्र माळ्यावर तीस वर्षं थांबतं. माणूस थांबत नाही.

आपले काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकानात मुलगा मोबाइलचं सामान विकतो. गेल्या मे महिन्यात चार दिवस त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. सहा तासांचं झालं. त्यांचे हात थरथरतात, म्हणून ते सांगतात आणि सोल्डरिंग मी करते. एक गोष्ट मात्र राहिली आहे. रेडिओचा काटा ज्या दोऱ्याने सरकतो, तो चाकांवरून कसा ओवायचा, हे त्यांना तोंडाने सांगता येत नाही. ते बोटांना आठवतं. ती बोटं चालताहेत तोवर हे शिकून घ्यायचं आहे, आणि ते एकट्या माझ्या सुट्टीत होणार नाही.

म्हणून एक विनंती. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेतलं एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे. तुमच्या माळ्यावरचे रेडिओ, टेप, गेम भंगारवाल्याला देण्याआधी मला फोन करा. काचेमागे ठेवायला मला ते नकोत. वर्षातून दोन रविवारी आठवी-नववीच्या मुलामुलींनी ते उघडावेत, शेजारी काकांना खुर्ची असावी आणि आपल्यापैकी कुणीतरी सोबत असावं. जुने टीव्ही मात्र आणू नका. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही विजेचा झटका शिल्लक असतो, मुलांचं ते काम नाही.

पहिला रविवार जानेवारीतला दुसरा. येताना रेडिओचं मागचं झाकण आणि त्याचे स्क्रूही आणा. रेडिओ सापडतात, स्क्रू कधीच सापडत नाहीत.