घड्याळं वेगळी, बैठक एक

(रेडिओवरील भाषण)



अनेक देशांतले शास्त्रज्ञ मिळून एकच संशोधन करतात, यात आता कोणाला नवल वाटत नाही. वर्तमानपत्रात शोधाची बातमी येते आणि शोधनिबंधाला हजारभर लेखक असल्याचा उल्लेखही येतो. पण हे हजार लोक एकमेकांशी बोलतात कधी, ते कुठे छापून येत नाही. मी खगोलशास्त्राच्या अशाच एका आंतरराष्ट्रीय गटात काम करते आणि गटाच्या बैठका जुळवून आणण्याची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आज त्याच कामाबद्दल बोलणार आहे. बैठकीची वेळ ठरवताना विज्ञानात कोणाचं ऐकलं जाणार हेही आपण ठरवत असतो, असं माझं अनुभवांती मत झालं आहे.

जानेवारी महिना धरा. बैठक जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार, दुपारी तीन वाजता ठरली. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. जर्मनीत आणि इटलीत दुपारचे चार. पुण्यात रात्रीचे साडेआठ, म्हणजे पानं वाढायची आणि मुलांचा गृहपाठ उरकायची वेळ. टोकियोत मध्यरात्रीचे बारा. मेलबर्नला रात्रीचे दोन. सगळ्यांना सोयीची वेळ पृथ्वीवर सापडायचीच नाही. तेव्हा गैरसोय होणार हे धरून चालायचं आणि ती कोणाच्या वाट्याला किती वेळा येते, एवढंच बघायचं.

व्यवहारात असं होतं, की ज्याने पहिली बैठक बोलावली त्याच्या सोयीने वेळ पडते. मग दर आठवड्याला तीच वेळ पुढे चालू राहते, कारण ती सगळ्यांच्या वेळापत्रकात बसलेली असते. टोकियोतली एखादी तरुण संशोधक वर्षभर मध्यरात्री जागते. हळूहळू तिचं बोलणं कमी होतं आणि पुढे ती येईनाशी होते. तिला कोणी वगळलेलं नसतं. पण विश्लेषणाची कुठली पद्धत पुढे न्यायची, निबंधाचा मसुदा कोणी लिहायचा, परिषदेत भाषण कोणी द्यायचं, हे सगळं त्या तासात ठरतं आणि त्या तासाला ती नसते.

त्यात उन्हाळी वेळेची भर. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपातली मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे या दोन खंडांमधलं अंतर एका तासाने बदललेलं असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा आठवडाभर तेच. भारत आणि जपान घड्याळाला हात लावत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सकाळी आठला बांधलेली बैठक पुण्यात हिवाळ्यात रात्री साडेनऊला येते आणि मार्चमध्ये एकदम साडेआठला सरकते. या दिवसांत हमखास कोणीतरी तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतं. म्हणून निमंत्रणात मी आधी यूटीसी लिहिते, मग प्रत्येक शहराची स्थानिक वेळ आणि तिथला वार. वार विसरून चालत नाही. पुण्यातल्या गुरुवारच्या रात्रीची बैठक टोकियोत शुक्रवार लागताना सुरू होत असते.

दूरदूरच्या माणसांनी एक वेळ पाळून काम करायचं, ही कल्पना इंटरनेटच्या किती तरी आधीची आहे. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या गटिंगेन इथे कार्ल फ्रीड्रिख गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी एक चुंबकीय संघ उभा केला. पृथ्वीचं चुंबकत्व सतत थोडंथोडं बदलत असतं. हा बदल स्थानिक आहे की साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी होतो, हे कळायचं तर ठिकठिकाणच्या निरीक्षकांनी एकाच क्षणी सुई वाचायला हवी. त्यासाठी वर्षातले काही दिवस नेमून दिले होते. त्या दिवशी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, गटिंगेनच्या घड्याळानुसार नोंद घ्यायची. निरीक्षक रात्री आपापल्या गावी दिव्याच्या उजेडात बसत. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या या माणसांची ती एका अर्थी बैठकच होती.

या प्रयत्नाशी मुंबईही जोडली गेली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या, त्या याच जागतिक मोहिमेतून. मुंबईची स्थानिक वेळ गटिंगेनच्या पुढे, सव्वाचार तासांच्या आसपास. तिथे दुपारचे बारा वाजले की इथे चार वाजून गेलेले. त्या सुरुवातीच्या काळात कुलाब्याला प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली एक मराठी मुलगा कामाला लागला होता. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहिणारे आणि लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. त्यांच्या गणिताबद्दल आपण पुष्कळ ऐकलं आहे. पण एका जागतिक जाळ्यात नेमल्या वेळी नेमकी नोंद करायची शिस्त मराठी मुलुखात पहिल्यांदा ज्यांनी अंगी बाणवली, त्यांत ते होते, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते.

ही शिस्त पुढच्यांनीही सोडली नाही. २ सप्टेंबर १८५९ला आलेलं प्रचंड सौरवादळ कुलाब्याच्या वहीत उतरलं आणि आजचे अभ्यासकही त्या नोंदीकडे वळतात. पुढे मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेने सुया भरकटणार, म्हणून वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला नेली. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. इतका पुढचा विचार करणारी माणसं तिथे होती.

आता आपल्या काळात येऊ. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पात १६ सप्टेंबर २०१०ला एक संकेत नोंदला गेला. तो मृगव्याधाच्या, म्हणजे पाश्चात्त्यांच्या ‘मोठ्या कुत्र्या’च्या, दिशेने आल्यासारखा दिसत होता, म्हणून गटात त्याला ‘बिग डॉग’ म्हणू लागले. सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. मोजक्या तीन-चार जणांना यंत्रात गुपचूप खोटा संकेत घालायची मुभा होती. हा संकेत खरा की घातलेला, हे बाकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तरीही खंडोखंडीच्या गटांनी सहा महिने खपून त्याची तपासणी केली. शंका काढल्या, आकडे पुन्हा पुन्हा मोजले, एकेका वाक्यावर वाद घातला आणि निबंधाचा मसुदा छापायला देण्याजोगा केला. मार्च २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्केडिया गावी सगळ्यांसमोर खरं उत्तर असलेलं पाकीट उघडलं. संकेत घातलेला होता.

सहा महिने फुकट गेले, असं वरवर वाटेल. मला ती बैठक विज्ञानाच्या इतिहासातल्या थोर बैठकांपैकी एक वाटते. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या शिस्तीत वाढलेली माणसं घाई न करता, एकमेकांना खोडून काढत एका निष्कर्षाला येऊ शकतात की नाही, याची ती परीक्षा होती आणि गट तीत उतरला. खरा संकेत आला १४ सप्टेंबर २०१५ला. लायगोच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनच्या यंत्राने तो आधी टिपला आणि सात मिलिसेकंदांनी, तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या यंत्राने. लिव्हिंग्स्टनमध्ये तेव्हा पहाटेचे पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती, हॅनफर्डला तीन वाजायला दहा. तो पहिल्यांदा नजरेस पडला जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये, कारण तिथे दिवस वर आला होता. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. गोंगाटातून असा अशक्त संकेत वेचून काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं आधीपासून काम करत आले होते. जाहीर घोषणा झाली ११ फेब्रुवारी २०१६ला. म्हणजे जवळजवळ पाच महिने हजारभर माणसं हाती लागलेला शोध पारखत राहिली. ‘बिग डॉग’ने घालून दिलेली सवय इथे कामी आली.

दुसरं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या जगाला परिचित आहेत. त्यांनी घेतलेली स्पंदक ताऱ्यांची निरीक्षणं भारतीय आणि जपानी संशोधकांच्या गटाने युरोपीय गटाच्या निरीक्षणांशी जोडली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथलेही गट त्याच शोधात होते, म्हणजे एका अर्थी प्रतिस्पर्धीच. तरीही अतिशय मंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसत असल्याचं २९ जून २०२३च्या सुमारास सगळ्यांनी मिळून एकाच वेळी जाहीर केलं. पहिलं कोण, ही चढाओढ बाजूला ठेवून सगळे एका तारखेवर आले. असं एकमत आपोआप होत नाही. कोणीतरी चिकाटीने प्रत्येकाशी बोलून ते घडवून आणतं.

आता माझ्या रोजच्या कामातल्या काही गोष्टी सांगते.

आमच्या गटात वेळ फिरती ठेवायचा निर्णय झाला. एक बैठक जुन्या वेळेला, पुढची यूटीसीनुसार सकाळी सहाला. या दुसऱ्या वेळी जानेवारीत पुण्यात साडेअकरा वाजतात, टोकियोत दुपारचे तीन, मेलबर्नला पाच. जर्मनीला सकाळी सातला बसावं लागतं आणि कॅलिफोर्नियाला आदल्या रात्री दहाला. सुरुवातीला कुरकुर झाली, हजेरी घटेल अशी भीतीही होती. पहिल्याच सकाळच्या बैठकीत एका जपानी विद्यार्थिनीने एक आलेख पडद्यावर लावला. आमच्या निरीक्षणांत ठरावीक अंतराने एक बारीक उठाव येत होता आणि त्याचा आकाशाशी संबंध नव्हता, तो यंत्राचाच होता. तिने बराच वेळ शांतपणे समजावून सांगितलं. हे तिला आधीच दिसलं होतं. मध्यरात्री, दमलेल्या अवस्थेत, परक्या भाषेत, ज्येष्ठांसमोर ते मांडायची ताकद तिच्यात उरत नव्हती. त्या आलेखामुळे आमच्या विश्लेषणात मोठी दुरुस्ती झाली.

दुसरा नियम बोलण्याच्या क्रमाचा. ज्यांच्याकडे रात्र जास्त झाली आहे, त्यांनी आधी बोलायचं. बोलून झालं की त्यांनी झोपायला जायचं आणि त्यात कोणी वावगं मानायचं नाही. तिसरा नियम निर्णयाचा. बैठकीत झालेला निर्णय तिथल्या तिथे पक्का धरायचा नाही. इतिवृत्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पोचतं आणि आठवडाभर लेखी हरकतीला वाव असतो. जे येऊ शकले नाहीत, त्यांचं म्हणणंही त्यामुळे वेळेत नोंदलं जातं. इतिवृत्त लिहिणं हे कनिष्ठाच्या माथी मारायचं काम नाही. आमच्याकडे ते पाळीपाळीने होतं आणि ज्येष्ठ प्राध्यापकही आपल्या पाळीला ते करतात.

प्रत्यक्ष भेटीच्या परिषदांचं गणित आणखी वेगळं. तारखा ठरवताना गणपती, दिवाळी, रमजान, ईस्टर, चिनी नववर्ष, ऑगस्टमधली युरोपातली सुट्टी हे सगळं समोर ठेवावं लागतं. आणि व्हिसा. जर्मन किंवा जपानी संशोधक तिकीट काढतो आणि निघतो, तेव्हा भारतातल्या विद्यार्थ्याला आमंत्रणाचं पत्र, बँकेचे कागद, मुलाखतीची तारीख यामागे महिनेच्या महिने धावावं लागतं. निबंध स्वीकारला गेला, भाषण ठरलं आणि पासपोर्ट परिषद संपल्यावर हातात पडला, असं माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत झालं आहे. म्हणून परिषदेची घोषणा होईल त्याच आठवड्यात आमंत्रणपत्रं निघाली पाहिजेत आणि दूरस्थ सहभाग्याला समोर बसलेल्याइतकाच वेळ मिळाला पाहिजे, असा आग्रह मी दर वेळी धरते.

हा आग्रह इथून पुढे अधिकच गरजेचा होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहत आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. ही वेधशाळा भारतात हवी, याचं कारण शास्त्रीय आहे. लहर वेगवेगळ्या ठिकाणी किती फरकाने पोचली, त्यावरून ती आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते कळतं. यंत्रं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी दिशा नेमकी. ज्या अंतरामुळे बैठक जुळवताना नाकी नऊ येतात, तेच अंतर शोधाचं बळ आहे. मग ते अंतर पेलण्याचे कष्टही सगळ्यांनी वाटून घेतले पाहिजेत. मराठवाड्यातलं यंत्र जगाला चालतं, पण मराठवाड्याची सकाळ चालत नाही, असं होता कामा नये.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या तरुण मुलामुलींना माझं सांगणं आहे, की वेळेबद्दल बोलायला संकोच करू नका. ही वेळ आम्हाला झेपत नाही, पाळी बदलूया, हे स्पष्टपणे मांडा. ती मेहेरबानीची मागणी नाही, कामाची गरज आहे. आणि जे गटांचे प्रमुख आहेत, त्यांना विनंती आहे, की पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखताना सर्वांत अवघड वेळ पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे लिहा. बाकीचे ती पाळी आपणहून उचलतील.