लेखी परीक्षा आणि स्वभाषेतील उत्तर



स्पर्धा परीक्षेचा विषय निघाला की पालक विचारतात, "जागा किती?" विद्यार्थी विचारतो, "पुस्तके कोणती?" उत्तर लिहायचे कसे, हा प्रश्न मागेच राहतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडील मुलाचे यशापयश मात्र बहुधा त्यावरच ठरते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा ही केवळ चाळणी. तिचे गुण पुढे धरले जात नाहीत. मुख्य परीक्षेत नऊ प्रश्नपत्रिका असतात. एक भारतीय भाषा व इंग्रजी या प्रत्येकी ३०० गुणांच्या. त्यांत २५ टक्के पुरतात, पण तेवढे न मिळाल्यास बाकीचे सारे लिखाण व्यर्थ. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार आणि वैकल्पिक विषयाच्या दोन, अशा सात पत्रिकांचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण मिळून गुणवत्ता यादी लागते.

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तिन्ही पत्रिकांत तीन तासांत २० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटे! दहा गुणांना दीडशे शब्द, पंधरा गुणांना अडीचशे. एवढ्या अवधीत पाठांतर आठवत बसण्यास सवड नसते. मनात मुरलेले तेवढेच कागदावर उतरते, आणि ते स्वभाषेत मुरलेले असते.

हा अधिकार सहजी मिळालेला नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर १९७९ पासून आठव्या अनुसूचीतील भाषांत ही परीक्षा लिहिण्याचा मार्ग खुला झाला. मार्च २०१३ मध्ये त्यावर जाचक अटी घालण्याचा प्रयत्न झाला. संसदेत आणि महाराष्ट्रात तीव्र विरोध झाला, तेव्हा त्याच महिन्यात त्या मागे घ्याव्या लागल्या. एक विसंगती मात्र आजही आहे. भाषाविषय वगळता प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच छापली जाते. मराठी माध्यमाचा परीक्षार्थी प्रश्न एका भाषेत वाचतो, उत्तर दुसऱ्या भाषेत लिहितो. आणि त्याची नऊ मिनिटे इतरांइतकीच! आपल्या जिल्ह्यात हिंदी सर्वांच्या कानावर असते, म्हणून येथील मुलाला हा अडसर थोडा कमी जाणवतो, इतकेच.

राज्यसेवेचीही वाट आता तीच आहे. मधली वर्षे तिची मुख्य परीक्षा प्रामुख्याने पर्याय निवडण्याची होती. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून यायची होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ च्या परीक्षेपासून लागू झाली. आंदोलकांची धास्ती समजण्यासारखी होती, कारण वर्षानुवर्षे गोल काळे करणाऱ्या हाताला अचानक परिच्छेद लिहिता येत नाही. तरीही हा बदल योग्यच म्हणावा लागेल. उद्या ज्याला तहसील कचेरीत बसून गरिबाच्या अर्जावर निर्णय लिहायचा आहे, त्याला कारणे मांडता आलीच पाहिजेत.

आता येथल्या मातीकडे पाहा. जलसंधारणावर प्रश्न आला, तर पुस्तकी उमेदवार दूरच्या प्रांताचे उदाहरण देईल. गोंदियाच्या मुलाच्या गावाशेजारी मामा तलाव आहे. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' झाले, शासनाकडे गेले. गावाची व्यवस्था सुटली, गाळ साचला, पाळी फुटल्या. सिंचन, धान, ढिवरांची मासेमारी, ग्रामव्यवस्था हे सारे त्या एका उत्तरात येऊ शकते. आजोबांना विचारून लिहिलेले असे उत्तर कोणत्याही तयार टिपणात सापडणार नाही.

गोंडी बोलणाऱ्या वनवासी मुलाची अडचण याहून मोठी. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. संथाली व बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने तिथे पोहोचल्या. त्यामुळे त्याला शाळेत शिकलेल्या मराठीतच लिहावे लागते. त्याचा लेखनसराव सहावी-सातवीपासूनच सुरू व्हायला हवा, आणि ते काम गावातील शिक्षकच करू शकतो. रोज एक प्रश्न, एक कोरा कागद, समोर घड्याळ. लिहून झाले की शिक्षकाने तो कागद लाल शाईने तपासावा आणि त्याच संध्याकाळी परत द्यावा.