एक रविवार, गॅस बंद

आमच्या बचत गटानं ठराव केला: कर्जाच्या पैशांना हात न लावता दरमहा 50 रुपये वेगळे काढायचे आणि तीन महिन्यांनी एका रविवारी घरचा गॅस पेटवायचा नाही. "बचतीचे पैसे फिरायला?" घरोघरी हाच प्रश्न. आम्ही गेलोच. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरलो. 2017 साली या स्टेशनचा सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे दिला गेला, म्हणून मुद्दाम तिथंच! जवळच्या राम आश्रयमध्ये रांग लावून इडली, रसम वडा, फिल्टर कॉफी. नाश्ता आणि जेवण एकातच उरकलं. मग चालत पाच उद्यानांत. झाडांच्या सावलीत 2 तास नुसत्या बसलो. कुणी चहा मागितला नाही. पुढच्या खेपेला भायखळ्याची राणीची बाग. यायचं असेल तर सांगा. बुधवारी मात्र ती बंद असते.