मुलाची झोप आणि घराचे वळण



या व्याख्यानांत थोरामोठ्यांचे विषय पुष्कळ होतात. आज मी आपले लक्ष एक ते चार वर्षांच्या नागरिकाकडे वेधणार आहे. हा नागरिक सभेला सहसा येत नाही. आलाच तर गप्प बसावा म्हणून आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. माझा विषय तेथूनच सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांच्या दिनक्रमाची काही मापे सांगितली. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. हिंडणे-बागडणे दिवसभरात मिळून किमान तीन तास. पडदा दोन वर्षांपर्यंत मुळीच नको; पुढे तासाभराहून अधिक नको, आणि कमी तितका बरा.

ही तीन मापे वेगळी दिसली तरी त्यांचा हिशेब एकच आहे, कारण दिवसाचे तास चोवीसच. पडद्यापुढे गेलेला तास खेळातून तरी कापला जातो किंवा झोपेतून तरी. जे मूल धावले नाही ते दमत नाही. दमले नाही ते वेळेवर झोपत नाही. त्यात रात्री डोळ्यांवर पडणारा प्रखर उजेड शरीरातील निद्रेची सूचना लांबवतो. मग सकाळी मूल किरकिरते, आणि किरकिर थांबावी म्हणून पुन्हा मोबाईल! रडले की मोबाईल मिळतो, हा धडा मूल फार लवकर शिकते. तो शिकवणारे गुरू आपणच.

आता कोणी म्हणेल, ही मापे परक्या हवेतील. आमच्या यवतमाळात ती कशी चालावी? शंका रास्त आहे. वैशाखात पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेला असता मुलाला अंगणात सोडा असे कोण म्हणेल? परंतु तीन तास सलग हवेत असे कोणीच सांगितलेले नाही. सकाळी ऊन चढण्यापूर्वी तासभर, तिन्हीसांजेला तासभर, आणि दुपारी घरातच उशांवर चढणे-उतरणे, डबे-पातेली ओढणे, एवढ्यात हिशेब पुरा होतो. आपला जुना पांगुळगाडा हेच करी. मूल तो स्वतःच्या पायांनी ढकलीत असे.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागली की आई पहाटे शेतावर जाते. मूल आजीजवळ राहते. आजीचे गुडघे दुखत असतात, आणि मोबाईल धावत नाही, पडत नाही. अशा घराला दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या गावोगाव उघडल्या. तेथे केवळ खाऊ मिळतो की मूल खेळतेही, हे विचारणे आपणा सर्वांचे काम आहे.

आणि वडिलांचे काय? मुलाचे वळण हे आईचे खाते, असे समजून पुरुष मोकळे होतात. संध्याकाळी घरी आलेला बाप स्वतःच मोबाईलमध्ये मान घालून बसला, तर मुलाने कोणाचे पाहून शिकावे? मूल सांगितलेले करीत नाही, पाहिलेले करते.

म्हणून माझी मागणी थोडी आहे. जेवताना आणि निजण्यापूर्वी तासभर घरातील सर्वांचे मोबाईल बाजूला राहोत. निजण्याची वेळ रोज एकच असो. दिवा मंद असो. चिऊ-काऊची गोष्ट बापाने सांगावी. याला पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो. तो आज आपण दिला नाही, तर मूल तो दुसरीकडे शोधील.