मोटारीच्या इंजिनाची घरगुती सफाई

मोटारीचें बाह्यांग पुसून लखलखीत ठेवणारा गृहस्थ बॉनेट उघडण्याचा मात्र कंटाळा करितो. परंतु तेथील मळ केवळ कुरूप असतो असें नाहीं. त्याच्या थराखालीं तेलाची गळती आणि उंदरांनीं कुरतडलेल्या तारा दडून राहतात. धूर वाहून नेणाऱ्या तापलेल्या नळीवर तें तेल ठिबकल्यास आगीचेंही भय असतें.

सफाई इंजिन पूर्ण निवाल्यावरच करावी. किल्ली काढून प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी व हवा घेण्याचें तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनीं झांकावें. सुका कचरा कुंचल्यानें झाडून, साबणाच्या पाण्यांतून पिळलेल्या फडक्यानें मळ पुसावा. पाण्याचा जोरदार फवारा विजेच्या जोडांत शिरतो, म्हणून तो वर्ज्य. पेट्रोलही वर्ज्यच, त्याची वाफ हिवाळ्यांतसुद्धां पेट घेते. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें निघतो, कारण सोडा आम्लाचा जोर मोडतो. विजेवर चालणाऱ्या गाडींतील नारिंगी वेष्टणाच्या तारांना स्पर्श करूं नये.

पिशव्या काढून, सर्व कोरडें झाल्यावरच ऋण टोक पुन्हां जोडावें. आठ दिवसांनीं बॉनेट परत उघडावें. स्वच्छ इंजिनावर तेलाचा नवा डाग उमटला असल्यास गळतीचें मूळ तत्काळ सांपडतें. सफाईचें खरें फळ तें हेंच.