चौदाशे व्होल्टची तार आणि आपली तार

(जयपूर येथील अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत या तासाला 'विज्ञान आणि कामगार' असे भारदस्त नाव दिले आहे. ते वाचून टपालातल्या मंडळींनी चहा किती वाजता आहे याची चौकशी केली, हे आमच्या कानावर आले. त्यांचा दोष नाही. आम्हीही शास्त्रज्ञ नव्हे. आमची नोकरी गेली ती ओएचईच्या शिडीवर आणि टॉवर वॅगनच्या फळीवर. जे सांगणार आहोत ते छापील अहवालांतून वाचलेले आहे आणि तारेवरच्या कामाच्या अनुभवावरून आमच्यापुरते समजून घेतलेले आहे.

जयपूरला आलात म्हणजे आमेरचा किल्ला आणि हवामहल झाला असेल, जंतरमंतरही झाले असेल. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली ती दगडाची यंत्रे. त्यांची देखभाल म्हणजे झाडू, चुना आणि गवंडी. त्याच शहरात जवाहरलाल नेहरू मार्गावर राजस्थान विद्यापीठ आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागाचा एक गट १९९० च्या दशकापासून जगातल्या मोठमोठ्या प्रयोगांत भागीदार राहिला आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली ब्रुकहेवन, या दोन्ही ठिकाणच्या प्रयोगांसाठी भारतीय गटांनी मिळून एक यंत्र बनवले. त्यात कलकत्ता, भुवनेश्वर, चंडीगड आणि जम्मू यांच्या बरोबरीने जयपूर होते, पुढे आपल्या पवईची आयआयटीही होती. अणूंच्या गर्भांची टक्कर झाल्यावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, किती उधळतात ते मोजणे हे त्या यंत्राचे काम.

या यंत्राविषयी वाचताना आम्ही एका आकड्यापाशी अडलो. ते यंत्र चालत असे तेराशे-चौदाशे व्होल्टवर. आमच्यातल्या जुन्या माणसांची अर्धी नोकरी पंधराशे व्होल्टखाली गेली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मुंबईच्या हार्बर मार्गावरून तो दाब गेला तो थेट २०१६ साली. म्हणजे ज्या दाबावर मुंबईची माणसे नव्वद वर्षे कामावर गेली, जवळजवळ तोच दाब इथले प्राध्यापक आणि तंत्रज्ञ टेबलावर ठेवलेल्या पेटीला देत. मग ते तो कसा हाताळत, हे बघावेसे वाटणारच.

आता ते यंत्र. मधमाशीचे पोळे डोळ्यांसमोर आणा. पोळ्याच्या भिंती तांब्याच्या, आणि प्रत्येक घराच्या मधोमध एक तार, टंगस्टनची, वर सोन्याचा मुलामा. जाडी २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी. ब्रुकहेवनच्या यंत्रात अशी घरे ८२,९४४ होती, आणि सर्नच्या यंत्रात, तिथे घरे आणखी लहान, दोन लाखांवर. आत ७० टक्के आर्गॉन आणि ३० टक्के कार्बन डायॉक्साइड असा वायू भरलेला. कण घरातून गेला की वायूच्या अणूंपासून थोडे इलेक्ट्रॉन सुटतात. ते तारेकडे धावतात, तारेजवळ दाबाचा जोर इतका की वाटेत ते आणखी इलेक्ट्रॉन पाडतात, ते आणखी. असा लोंढा तारेवर आला की कण गेल्याची नोंद होते.

गंमत अशी की आपल्या रेल्वेत तार जिवंत आणि रूळ शून्यावर. तिथे उलट आहे. तार शून्यावर आणि पोळ्याच्या भिंती जिवंत, त्याही ऋण दाबावर. म्हणून सगळे पोळे इन्सुलेशनच्या पेटीत बंद करावे लागते. भिंतीला हात लावून तारेला जपणारा माणूस तिथे चुकला.

दाब कमी पडला तर कण दिसत नाही. जास्त झाला तर ठिणगी पडते, आणि इतकी बारीक तार ठिणगीने तुटूही शकते. तुटलेले टोक भिंतीला टेकले की शॉर्ट, मग एकट्या त्या घराबरोबर त्याच पुरवठ्यावरची शेजारची सगळी घरे बंद. मधल्या अरुंद पट्टीत यंत्र चालवायचे, म्हणून सगळा भर चाचणीवर. आधी तारांचा ताण बघायचा, मग सोल्डरचा प्रत्येक सांधा. मग वायू सोडून आतली हवा आणि दमटपणा पूर्ण बाहेर काढायचा. त्यानंतर दाब, तोही एकदम नाही. थोडा चढवायचा आणि थांबायचे, गळतीच्या करंटचा काटा बघायचा. हा करंट नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे एका अँपिअरचा अब्जावा हिस्सा. काटा स्थिर झाला तर पुढची पायरी, थरथरला तर मागे यायचे. सोल्डरचे टोक, फ्लक्सचा डाग, धुळीचा कण, कुणाचा तरी केस, कारण काहीही असू शकते. पेटी उघडायची, पुसायची, बंद करायची आणि पहिल्यापासून सुरुवात. मग पूर्ण दाबावर तासन् तास तसेच ठेवून द्यायचे. एका पेटीमागे दिवस जातात आणि अशा पेट्या पुष्कळ.

हवेचेही तसेच. जयपूरची हवा कोरडी, पण मे-जूनमध्ये वाळूची आंधी आली की बंद कपाटातही धूळ. कलकत्त्याला धूळ कमी, पण दमटपणामुळे इन्सुलेशनच्या पृष्ठावरून करंट सरपटतो. आपल्या घाटात मृगाची पहिली सर आली की काय होते ते इथल्या प्रत्येक लाइनमनला ठाऊक आहे. उन्हाळाभर इन्सुलेटरवर बसलेली धूळ ओली होते, फ्लॅशओव्हर होतो आणि ब्रेकर उडतो. मुसळधार पावसात उडणार नाही, पहिल्या भुरभुरीत उडेल. प्रयोगशाळेतला माणूस आणि आपला माणूस इथे एकच गोष्ट फडक्याने पुसतो आहे.

आता धोक्याचे बोलू. चौदाशे व्होल्ट तिथेही आणि पंधराशे इथेही, मग धोका सारखाच का? नाही. मुंबईत भरलेली लोकल निघताना त्या तारेतून हजारावर अँपिअर ओढत असे. माणसाच्या छातीतून शंभर मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतते. प्रयोगशाळेचा पुरवठा मात्र काही मायक्रोअँपिअरवर ट्रिप होतो. त्याचा झटका बसला तर माणूस बहुधा मरत नाही, दचकून स्टुलावरून पडतो. पण म्हणून ते निर्धास्त राहत नाहीत. पुरवठा ट्रिप झाला तरी कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ट्रिप होत नाही. पेटीतला छोटा कपॅसिटर किरकोळ चटका देईल. पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत लेझरला, चुंबकाला, पल्स देणाऱ्या यंत्राला मोठे कपॅसिटर असतात, आणि स्विच बंद केल्यानंतरही त्यांच्यात माणूस मारण्याइतकी वीज राहू शकते. शिवाय मोठा कपॅसिटर एकदा शॉर्ट करून सोडून दिला, तर त्याच्या इन्सुलेशनमध्ये मुरलेला भार थोड्या वेळाने पुन्हा वर येतो. मेलेला परत जिवंत होतो म्हणा. म्हणून तिथे अर्थिंगची काठी नुसती टेकवत नाहीत, काम संपेपर्यंत अडकवूनच ठेवतात. आणि आत जाणाऱ्याने पुरवठ्याची किल्ली स्वतःच्या खिशात घालून जायचे, हा नियम.

ओळखीचे वाटते ना? आपली डिस्चार्ज रॉड, आपले परमिट टू वर्क. आधी क्लॅम्प रुळाला, मग हूक तारेला. काढताना आधी हूक, मग क्लॅम्प. पाठ आहे सगळ्यांना. तरीही घडते.

आमच्यासमोर घडलेले सांगतो. दुहेरी मार्ग. एका मार्गावर ब्लॉक, शेजारच्या मार्गावर २५ हजार व्होल्ट जिवंत. ब्लॉक मागितला होता दीड तासाचा, गाड्या उशिरा म्हणून मिळाली पन्नास मिनिटे. कामाच्या दोन्ही बाजूंना रॉड लावायला हवी. एका बाजूची लावली. दुसरीसाठी शिडी हलवायची, माणसे कमी, आणि फोनवरून विचारणा सुरू, "अजून किती वेळ?" वर चढलेला मुलगा कॉन्ट्रॅक्टरचा होता, वर्ष-दीड वर्ष झाले होते त्याला. त्याने जंपर सोडवला, तसा पलीकडचा तुकडा अर्थपासून तुटला. पुरवठा बंदच होता, पण शेजारच्या जिवंत तारेने त्या तुकड्यात दाब चढवला. मुलगा वाचला. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. दुसरी रॉड लावली नव्हती असा निष्कर्ष निघाला, आणि तो खोटा नव्हता. आमचे म्हणणे एवढेच होते की ब्लॉक किती मागितला आणि किती मिळाला, हेही त्या कागदावर लिहा. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही, असे उत्तर मिळाले.

आता सर्नची गोष्ट ऐका. १९ सप्टेंबर २००८. सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यातले ते यंत्र नुकतेच सुरू झाले होते. शेवटच्या सेक्टरची चाचणी चालली होती, चुंबकांतला करंट पायरीपायरीने वाढवत नेत होते. साडेआठ हजार अँपिअरच्या पुढे गेल्यावर दोन चुंबकांमधला एक सांधा गेला. सदोष जोड होता, एवढेच कारण. गरम जोड काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. तिथे आर्क पडला, हेलियमची गळती झाली, टनावारी वजनाचे चुंबक जागचे हलले. ५३ चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र चौदा महिने बंद राहिले. बोगदा रिकामा होता, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. चाचणीच्या वेळी माणसे आत ठेवायची नाहीत हा नियम पाळला होता म्हणून.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. अपघात कसा झाला ते त्यांनी महिन्याभरात लिहून जाहीर केले. आणि बाकीच्या सांध्यांवर पुरता भरवसा ठेवता येत नाही म्हणून यंत्र पुन्हा सुरू करताना ठरलेल्या ताकदीच्या निम्म्यावर चालवले. आपल्या भाषेत कॉशन ऑर्डर लावली. कोट्यवधींचे यंत्र, जगभरचे शास्त्रज्ञ खोळंबलेले, तरी तीन वर्षे ते कमी ताकदीवरच चालले. मग २०१३-१४ मध्ये लांब ब्लॉक घेऊन दहा हजारांहून जास्त सांधे पक्के केले आणि त्यानंतरच ताकद वाढवली. जयपूरच्या मंडळींनी हातभार लावलेले यंत्रही तेव्हा तिथेच बसवलेले होते, तेही थांबले.

कुणी म्हणेल, त्यांचे ठीक आहे, त्यांच्या यंत्रात प्रवासी बसत नाहीत. बरोबर. आपल्या गाडीत बसतात, आणि म्हणूनच ब्लॉकची मिनिटे कापताना हात जास्त जड व्हायला हवा. प्रयोगशाळेतली माणसे आपल्यापेक्षा शहाणी आहेत असे आम्हाला अजिबात वाटत नाही. त्यांच्याकडे काटा स्थिर होईपर्यंत थांबायची मुभा आहे. आपला लाइनमनही थांबायला तयार असतो, फक्त त्याच्या कानाला फोन असतो.

आणि सगळेच काही त्यांच्या हातात असते असेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंगसाच्या आकाराचा एक प्राणी ६६ हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपाशी शिरला आणि ते प्रचंड यंत्र बंद पडले. कावळ्याने आणलेल्या तारेच्या तुकड्यामुळे आपला फीडर जातो तेव्हा ज्यांना मेमो मिळतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

टपालातल्या मित्रांना वाटेल, आमचा यात काय संबंध. तुमच्या काउंटरखाली पाहा. कॉम्प्युटर आले, यूपीएस आले, इन्व्हर्टर आले. सॉकेट जुनेच, त्यात तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून जाड पिन मोडून टाकलेली. ती जाड पिन म्हणजे तुमची डिस्चार्ज रॉड. पावसाळ्यात वॉटर कूलरला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार अनेक कार्यालयांतून ऐकतो. मुंग्या येतात याचा अर्थ गळतीचा करंट तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो आहे. प्रयोगशाळेत नॅनोअँपिअरसाठी पेटी उघडतात. इथे मिलिअँपिअर जात असताना आपण पायाखाली पुठ्ठा घालून पाणी पितो.

दोन कामे सांगतो. ओएचईवाल्यांनी प्रत्येक ब्लॉकला मागितलेली वेळ, मिळालेली वेळ, लावलेल्या रॉडची संख्या आणि कामावरची माणसे, कॉन्ट्रॅक्टची धरून, आपल्या वहीत लिहायची, तारखेसह. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर वहीत काढा. सहा महिन्यांनी त्या वह्या शाखेत गोळा करा. टपालवाल्यांनी आपल्या कार्यालयातल्या किती प्लगांना तिसरी पिन नाही ते मोजून, सॉकेट बदलण्याची मागणी लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. पोच कशी घ्यायची ते तुम्हाला शिकवण्याची आमची प्राज्ञा नाही.

चहा आलेला दिसतो. प्रश्न चहाबरोबर विचारा. आणि त्या कोपऱ्यातल्या विजेच्या किटलीची पिन कुणीतरी आधी बघून घ्या.